बसणाऱ्या बाईचं घड्याळ

४ मार्च, सोमवार

गाडीवाल्याच्या जिभेला हाड नाही! हॉटेलची गाडी दारात लागली तेव्हा आमची गाठोडी बांधून व्हायची होती. मी घड्याळ बघितलं आणि त्याला झाडला — "एवढ्या लवकर कशाला तडमडलास?" तर चारचौघांसमोर म्हणतो, "आजी, मी वेळेवर आलोय. तुमचं ते भारीतलं घड्याळ मागे पडलंय!" आणि फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. गल्ल्यासमोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातलं एक दात काढून हसलं. शर्ट आमच्याकडून इस्त्री करून नेतो आणि दात आम्हालाच दाखवतो!

गाडीवाल्याचं खरं होतं. घड्याळ मागेच होतं.

सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची?

५ मार्च, मंगळवार

हे घड्याळ मी मागितलं नव्हतं. तेवढं इथे लिहून ठेवते.

चिरंजीवांनी आणि परगावच्या लेकीनं मिळून दिलं. गेल्या उन्हाळ्यात इस्त्रीच्या वाफेत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एकदाच! तेवढं निमित्त पुरलं. "आई, जन्मभर उभी राहिलीस, आता बसायचं." मनगटावर घड्याळ चढलं आणि खिडकीजवळचं इस्त्रीचं टेबल गेलं. लाँड्री मी उभी केली. त्या टेबलाची कड माझ्या पोटानं घासून गुळगुळीत झाली आहे. आता तिथे सून उभी राहते आणि मी गल्ल्यावर बसून पावत्या फाडते. आवळा देऊन कोहळा काढला!

सून म्हणजे आमची मौनीबाई. घरात आली त्या दिवसापासून "हो आई" आणि "नको आई" याखेरीज तिसरं काही मी ऐकलेलं नाही. भांडायलासुद्धा उपयोगाची नाही. भिंतीशी भांडलं तर निदान आवाज तरी परत येतो.

घड्याळ दिसायला देखणं आहे, खोटं कशाला बोलू. जड आहे. पाठ काचेची आहे, आतली चाकं दिसतात. सेल नाही. हात हलला की आत एक अर्धगोल पत्रा गरगर फिरतो आणि त्यावर घड्याळ चालतं. चिरंजीव म्हणाले, "आई, याला काहीच करावं लागत नाही." मलाही आता काही करावं लागत नाही. जोडा बरा जमवला!

जेवताना गाडीवाल्याची तक्रार सांगितली. वाटलं मुलगा त्याला फैलावर घेईल. तो म्हणाला, "मग दुकानात नेऊन चाल लावून आणू की." नात लगेच शहाणपणा सांगायला पुढे — "आजी, रेग्युलेट करतात ते. उघडून आतली बारीक दांडी जराशी सरकवायची, झालं."

मी म्हटलं, "नव्या शर्टाची शिवण उसवून बघतं का कुणी?"

मौनीबाईनं मला आमटीऐवजी पाणी वाढलं. चुकून असेल. हसत होती असं वाटलं. भास असेल.

६ मार्च, बुधवार

गल्ला. गल्ला. गल्ला.

८ मार्च, शुक्रवार

रेडिओच्या बातम्यांना काटा मिळवून ठेवला होता. परत मागे. शाळेत पाय ओढत जाणारं पोर असतं ना, तसं.

आज बसल्या बसल्या मौनीबाईचं काम न्याहाळलं. इस्त्री करते, वाईट करत नाही. पण घडी उजव्या हाताची. मी डावखुरी. माझ्या टेबलक्लॉथची घडी उलटी पडते, आणि हॉटेलचा वाढपी तिचं टोक धरून एक झटका देतो की कापड सरळ टेबलावर पसरतं, मधली रेघ बरोबर मधोमध. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळेत डाव्या हाताबद्दल पट्टी खायची, म्हणून तर शाळा सुटली. तोच हात पुढे घर चालवत होता!

आता तो हात पावत्या फाडतो.

मुलाला म्हटलं, "मला दिवसातून थोडा वेळ तरी टेबल दे."

म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील? म्हातारीला राबवतो म्हणतील."

"लोक शर्ट बघतात रे, म्हातारी बघत नाहीत."

"नको म्हणजे नको."

माझाच मुलगा. अडेलपणा कुठून आला ते विचारायची सोय नाही.

९ मार्च, शनिवार

आज त्या दुकानात गेलो. मी, चिरंजीव, मौनीबाई. काय दुकान! काचेचं दार, पाय रुतेल असा गालिचा, आणि भिंतभर घड्याळं — सगळी बंद, सगळ्यांत दहा वाजून दहा. इथे कुणाला वेळ विचारायची झाली तर रस्त्यावर जावं लागेल!

आत पांढऱ्या कोटातला माणूस. कपाळावर भिंग. अंगठ्या दोन. बोलणं असं की जणू घड्याळं त्यानंच या जगात आणली. कोटाच्या बाहीला मात्र दुहेरी रेघ. मी मनात म्हटलं, बाबा, आधी इस्त्री बदल.

त्यानं घड्याळ एका यंत्रावर ठेवलं. यंत्र टिकटिक ऐकतं आणि पडद्यावर रेघ काढतं. तासभर ते गोल गोल फिरवून परत ऐकलं. मग म्हणाला, "घड्याळात दोष नाही."

"मग मागे का पडतं?" चिरंजीव.

त्यानं मला विचारलं, "आजी, कुठल्या हाताला घालता?"

"डाव्या."

"काम कुठल्या हातानं करता?"

"डाव्याच."

"मग तर हात भरपूर हलत असेल. दिवसभर काय करता?"

मी चिरंजीवांकडे बघितलं. म्हटलं, "तूच सांग."

तो घसा खाकरून म्हणाला, "आई आता... बसते."

"हां!" कोटवाल्यानं टाळी वाजवली. "तेच तर! हात हलत नाही, त्यामुळे आतली कमान पुरती ताणली जात नाही. जोर कमी पडतो, म्हणून घड्याळ रेंगाळतं. काळजी नको. आपण ते बसणाऱ्या माणसाच्या हिशोबानं थोडं पुढे लावून देऊ. उघडतो, दांडी सरकवतो, संपलं."

मी विचारलं, "आणि मी उठले तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे उठून कामाला लागले तर?"

"मग पुढे पळेल. घड्याळ माणसाच्या राहणीवर लावतात, आजी. तुम्ही एकदा ठरवा. बसणाऱ्या बाईसाठी लावू की काम करणाऱ्या?"

देवा! त्या बापड्याला कळलंही नाही तो काय बोलला ते. मी ऐकलं, आणि माझ्या डोक्यात दिवे लागले. इतके दिवस मी नुसती कुरकुर करत होते. आज पुरावा मिळाला — तोही यांनीच विकत घेऊन दिलेला!

मी घड्याळ उचललं आणि मनगटावर चढवलं. "उघडायचं नाही," म्हटलं. "घड्याळ बरोबर आहे. बाई चुकीच्या जागी बसवली आहे."

चिरंजीव दुकानातच सुरू झाले — "आई, लोक बघतायत!" मी म्हटलं, "बघू देत, इथे चालू असलेलं बघण्यासारखं दुसरं आहे काय?" आणि भांडत भांडत आम्ही रस्त्यावर आलो. मौनीबाई मागून, नेहमीसारखी, तोंडात गुळणी धरून.

१० मार्च, रविवार

पैज लागली!

सकाळी स्वयंपाकघरात मुलाला गाठला. चहाचा पहिला घोट घेऊ दिला, माणुसकी म्हणून. मग म्हटलं, "एक आठवडा मला माझं टेबल दे. रोज सकाळच्या बातम्यांना काटा मिळवायचा, आणि पुढच्या रविवारी त्याच बातम्यांशी घड्याळ ताडून बघायचं. बरोबर चाललं तर दांडी सरकवायची नाही आणि टेबल माझं. मागे पडलं तर खुशाल नेऊन उघड. बसणाऱ्या बाईचं करून आण. मी गल्ल्यावर बसेन आणि परत चकार शब्द काढणार नाही."

नात म्हणाली, "बाबा, घ्या पैज! आजी चकार शब्द काढणार नाही — असं परत ऐकायला मिळणार नाही!"

मुलगा म्हणाला, "आणि अंधारी आली तर?"

"तर उचलून गल्ल्यावर ठेव. आहेच की तुझा गल्ला."

त्यानं बायकोकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं? टेबल सध्या तुझं आहे."

मौनीबाई ओटा पुसत होती. फडकं थांबलं. म्हणाली, "हो आई."

विचारलं नवऱ्यानं, उत्तर मला! तेवढं एक चांगलं वळण आहे.

११ मार्च, सोमवार

उभी राहिले! इस्त्रीचा दांडा हातात आला आणि हात म्हणाला, कुठे होतीस गं? नाही, हात काही बोलत नाही. पण घामाला आणि वाफेला आपण ओळखीचे वाटतो. पहिला शर्ट — कॉलर, खांदा, बाही, पाठ — आणि रेघ अशी पडली की तिच्यावर बोट कापेल.

कंबर बोंबलते आहे. बोंबलू दे. तिला कुणी विचारलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

अजून मागे. थोडंच, पण मागे. कोणाला सांगितलं नाही.

१३ मार्च, बुधवार

लबाडी पकडली!

माझ्या टेबलावर काय येतं तर रुमाल. हातरुमाल, नॅपकिन, बाळांची टोपडी. सकाळपासून नुसती चिंधीचिंधी! दोन बोटांनी दाबलं की झालं, हात हलतोय कुठे? आणि मोठी टेबलक्लॉथं बघितली तर मागच्या खोलीत, चादरीखाली दडवलेली.

चिरंजीवांना बोलावलं. "हे काय?"

"आई, तुला जड पडू नये म्हणून..."

"मला जड पडू नये म्हणून, की घड्याळ हलू नये म्हणून?"

त्याचे कान लाल. लहानपणी साखर खाऊन आला की असेच व्हायचे.

"पैज लावायची आणि वर पत्तेही लपवायचे? हरायचं तर सरळ हर की!"

गाठोडं मीच ओढत आणलं. त्यानं धरायला हात पुढे केला, तो इस्त्रीच्या दांड्यानं बाजूला केला. गरम बाजूनं नाही. आई आहे शेवटी.

दुपारभर टेबलक्लॉथ. डावा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत. काचेतून बघितलं, आतला पत्रा वेड्यासारखा फिरत होता. फिर बाबा, फिर.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी खांदा वर जाईना. वेणी घालायला नातीला बसवलं. ती म्हणाली, "आजी, कशाला जिवाला त्रास? घड्याळ कपडे धुवायच्या मशीनला बांधूया. तासाभरात जिंकशील!"

कल्पना वाईट नव्हती. खरं सांगायचं तर मशीनपाशी जाऊन उभीही राहिले, दोरी कुठे बांधता येईल ते बघत. मग वाटलं, जिंकून टेबल कोणाला मिळणार? मशीनला! परत आले.

ऊन वाढलं तशी वाफ डोक्यात चढली. टेबल धरून उभी राहिले. अंधारी नव्हे, नुसती मावळती. तर मौनीबाईनं गल्ल्यावरून उठून पाण्याचा तांब्या आणून ठेवला, खिडकी उघडली आणि परत जाऊन बसली. मुलाकडे बघितलंही नाही. एक शब्द बोलली असती तर माझी पैज तिथेच संपली होती.

मुकं माणूस कधी कधी बरं.

१६ मार्च, शनिवार

आज बघायचंच नाही ठरवलं. सकाळी काटा मिळवला आणि घड्याळावर बाही ओढून काम केलं.

१७ मार्च, रविवार

जिंकले!!

सगळे रेडिओभोवती. चिरंजीव खुर्चीच्या टोकावर. नात फोन हातात धरून, "पंच मी!" म्हणत. मौनीबाई दाराला टेकून. मी मध्ये, मनगट टेबलावर ठेवून, डॉक्टरांपुढे ठेवावं तसं.

ठोके पडले. शेवटचा ठोका आणि माझा सेकंदाचा काटा — एकाच वेळी वर! नातीनं घड्याळ हिसकावून फोनशी लावून बघितलं, कानाशी धरलं, परत बघितलं. मग किंचाळली, "बाबा, गेली तुमची पैज!"

मुलानं रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "आई, तू घड्याळालासुद्धा ऐकायला लावलंस."

मी म्हटलं, "ऐकायला लावलं नाही. त्याचं ऐकलं. तू पैसे घालून जे आणलंस त्याचं तूच ऐकत नव्हतास."

उठून पाया पडायला लागला. म्हटलं, "सोंगं पुरेत, जाऊन गल्ला उघड." रविवार आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

घड्याळ काही उघडायचं नाही. लावून घ्यायचं नाही. ते काम करणाऱ्या बाईचं आहे आणि काम करणाऱ्या बाईचंच राहणार. परगावच्या लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी आधीच दादाला म्हटलं होतं, चप्पल घेऊया." आता सांगते!

१८ मार्च, सोमवार

गाडीवाला आला. गाठोडी बांधून, ओळीनं, दाराशी तयार. मी खिडकीतून ओरडले, "दोन मिनिटं उशीर!" त्यानं फोन काढला, बघितला, खिशात घातला. "रस्त्यात गर्दी होती, आजी." बाकी जीभ आज वळवळली नाही.

दुपारी हॉटेलच्या बाईंचा फोन. घडी परत पहिल्यासारखी आली म्हणून खूश. त्यांच्या नव्या जेवणघराचं सगळं कापडही आम्हालाच द्यायचं म्हणतात, कायमचं. झेपेल का ते उद्या फोन करून विचारणार. आजवर मिळालं नव्हतं एवढं काम! चिरंजीव फोन ठेवून म्हणाले, "आई, तू आहेस म्हटल्यावर झेपेल."

कान टवकारून ऐकलं. परत म्हणायला लावलं. परत म्हणाला.

खांदा अजून दुखतोच आहे. हे वहीत राहू दे.

१९ मार्च, मंगळवार

कानामागून आली आणि तिखट झाली!

सकाळी दुकान उघडायच्या आधी मौनीबाई टेबलापाशी उभी. म्हणाली, "आई, त्या दुकानात तुम्ही भांडत बाहेर पडलात तेव्हा तो माणूस मला म्हणाला, रोज सकाळी कडेची गुंडी थोडी फिरवली की हे घड्याळ बसणाऱ्या माणसाच्या हातावरही बरोबर चालतं. उघडावंही लागत नाही, हलवावंही लागत नाही."

 पैज तिच्या मुठीत होती! आठवडाभर!

"मग बोलली का नाहीस?"

"टेबल मला पाहिजे आई. कायमचं. पण तुम्हाला बसवून मिळालेलं नको होतं. तुमच्याकडून मागून घ्यायचं होतं." मग टेबलाच्या कडेवर हात ठेवून — "डाव्या घडीसकट."

असली सून घरात होती आणि मी भिंतीशी भांडत होते!

ठरलं. सकाळी माझं, ऊन चढलं की तिचं. घडी आजपासूनच शिकवायची, रागावून. आणि हॉटेलच्या बाईंचा फोन आला तर मी घेणार नाही, मुलानं तर हातही लावायचा नाही. कापड पुढे जन्मभर जिला करायचं आहे, तिनं उत्तर द्यायचं.